एका बॅटवरच्या चौदा सह्या : नागपुरातील एका संग्रहाचे प्रकरण

धरमपेठेत राहणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी शाळकरी वयापासून जमवलेल्या खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या आपल्या जुन्या शाळेच्या ग्रंथालयाला देण्याचे ठरवले, तेव्हा शाळेने एकच अट घातली : प्रत्येक वस्तूवर कोणाकोणाची सही आहे, याची यादी सोबत असावी. स्वाक्षरीवह्यांची यादी विनासायास झाली. घोडे अडले ते पूर्ण आकाराच्या एका बॅटपाशी. तिच्यावर चौदा सह्या आहेत. त्यांपैकी पाच नीट वाचता येतात आणि उरलेल्या नऊ म्हणजे मार्करने ओढलेले फराटे आहेत, ज्यांत एखादे आद्याक्षर ओळखू आले तरी नशीब म्हणायचे. मुंबईच्या एका विक्रेत्याने बॅटची छायाचित्रे पाहून पाच सह्यांची किंमत सांगितली आणि नऊ जमेस धरायला नकार दिला. तपासणीचे काम माझ्याकडे आले आणि ते संपले तेव्हा विक्रेत्याचा हिशेब जवळजवळ उलटा झाला होता. हे सर्व कसे घडले, याची ही नोंद आहे.

संबंधितांच्या इच्छेनुसार संघाचे आणि खेळाडूंचे नाव येथे दिलेले नाही. संग्राहकांना त्यांची पुतणी काका म्हणते आणि नागपूरच्या संग्राहक मंडळींतही ते काकाच आहेत, म्हणून पुढे तसाच उल्लेख केला आहे.

संग्रह आणि संग्राहक

काकांची पहिली वही ऑक्टोबर १९६९ मधली आहे. सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) मैदानावर त्या महिन्यात नागपूरची पहिली कसोटी झाली, न्यूझीलंडने ती १६७ धावांनी जिंकून भारतातला आपला पहिला कसोटी विजय नोंदवला, आणि पराभवाच्या त्या दिवसांतही दोन्ही संघांतील काही खेळाडूंनी एका शाळकरी मुलाच्या वहीत थांबून पूर्ण नावे लिहिली. पुढे ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी याच मैदानावर विश्वचषकाच्या सामन्यात चेतन शर्मा यांनी न्यूझीलंडविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली आणि सुनील गावसकर यांनी एकदिवसीय सामन्यांतले आपले एकमेव शतक झळकावले. त्या दिवसाचे तिकीट काकांच्या दुसऱ्या वहीत चिकटवलेले आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये जामठ्याच्या नव्या मैदानावर सौरव गांगुली आपला शेवटचा कसोटी सामना खेळले, तेव्हाही काका तिथे होते, पण सही मिळाली नाही. त्यांनी त्या पानावर केवळ तारीख लिहून ते पान कोरे ठेवले आहे. सही मिळाली नाही हीसुद्धा त्यांच्या लेखी नोंद करण्याजोगी गोष्ट असते, आणि संग्राहक म्हणून त्यांचा दर्जा मला त्या कोऱ्या पानावरून कळला.

त्यांचे सारे सेवाजीवन सह्यांतच गेले. चेकवरची सही खातेदाराच्या नमुना सहीशी ताडून पाहणे, जुळत नसेल तर चेक परत करणे, आणि वयोमानाने हात थरथरू लागलेल्या पेन्शनधारकाला अपमान न वाटू देता नव्याने नमुना सही करायला सांगणे, हे त्यांनी वर्षानुवर्षे केले. त्यामुळे सहीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी दुहेरी आहे. बँकेच्या काउंटरवर सही वाचता येण्याची काहीच गरज नसते. ती त्याच माणसाची आहे एवढे पुरते, कारण नाव खात्यावर आधीच लिहिलेले असते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये तर लिहिता न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत सही करण्यात खूण करण्याचाही समावेश आहे. संग्राहकाच्या हाती मात्र असे खाते नसते. त्याच्याकडच्या कागदावर, चेंडूवर किंवा बॅटवर सहीखेरीज दुसरे काहीच नसल्याने माणूस आणि नाव या दोन्ही गोष्टी त्या चार रेघांनाच सांगाव्या लागतात. गिचमिड सहीने संग्राहकाचे नेमके काय जाते, ते यातून कळते : त्यातला माणूस शाबूत राहतो आणि नाव हरवते.

जुन्या वह्यांचीही एक वेगळी अडचण होती, ती थोडक्यात सांगतो. फाउंटन पेनच्या शाईवर नागपूरच्या उन्हाळ्याइतकाच उन्हाळ्यावरचा उपायही परिणाम करतो. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की घरोघरी वाळ्याचे कूलर सुरू होतात आणि बंद खोलीतली हवा ओलसर होते. कपाट कूलरच्या झोतात असल्यामुळे १९६९ च्या वहीतल्या तीन पानांवर शाई फुटली आहे. तरीही त्या पानांवरची नावे आजही लागतात, कारण अक्षरे पूर्ण होती. निम्मे अक्षर फुटले तरी शेजारच्या निम्म्यावरून शब्द जुळतो. फराट्याला अशी शिल्लक नसते.

बॅट कशी मिळाली

मर्यादित षटकांच्या एका सामन्याच्या आदल्या सायंकाळी वर्धा रोडवरच्या एका हॉटेलबाहेर काका आणि त्यांची पुतणी बॅट घेऊन उभे होते. सरावासाठी जामठ्याला निघालेले खेळाडू बसमध्ये चढता चढता सह्या करत होते. कोणी चालत चालत, कोणी एका हातात फोन धरून, तर कोणी बॅट पुतणीच्याच हातात ठेवून वरच्या वर मार्कर फिरवत सही केली. काही वेळाने संघासोबतच्या एका माणसाने बॅट आत मागून घेतली आणि बस निघण्याआधी खिडकीतून परत दिली. घरी आल्यावर दोघांनाही बॅट भरल्याचा एवढा आनंद झाला, की कोणती सही कोणाची, हे त्याच रात्री लिहून ठेवायचे राहिले. इतर प्रत्येक वस्तूखाली तारीख, ठिकाण आणि नाव लिहिणाऱ्या या गृहस्थांच्या संग्रहात अशी विनानोंद वस्तू ही एकच आहे, आणि हे प्रकरण उभे राहिले तेही तेवढ्यामुळेच.

सुदैवाने पुतणीने फोनवर लागोपाठ छायाचित्रे काढली होती. त्या वेळी तिला ती खेळाडूंसाठी हवी होती. बॅट त्यांत योगायोगाने आली आहे.

फराटा का होतो

खेळाडूला बेपर्वा म्हणून मोकळे होण्याआधी सही होते कशी, ते पाहावे. बॅटच्या पुढच्या भागावर हल्ली पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते; तिच्यावर मार्कर घसरतो, शाई मुरत नाही आणि बोट लागले की पसरते. बॅटची पाठ उंचवट्याची असते. खाली टेकायला काही नसते, मागून लोक रेटत असतात, आणि एका पाठोपाठ एक वस्तू पुढे येत असतात. छोट्या शोभेच्या बॅटवर तर पूर्ण नाव मावतच नाही, आणि आखूड सहीची सवय एकदा हाताला लागली की ती मोठ्या बॅटवरही तशीच उतरते. अमेरिकेत खेळाडूंच्या कार्डांवर चिकटवण्यासाठी कंपन्या स्टिकरचे तक्तेच्या तक्ते सह्यांसाठी पाठवतात. शेकडो चौकोन एका बैठकीत भरणाऱ्या हाताचे नाव आद्याक्षरावर आणि एका लाटेवर येऊन थांबते, अशी तिथल्या कार्डसंग्राहकांची जुनी तक्रार आहे.

विक्रीचाही भाग आहे. समोर उभा असलेला माणूस सही जपणार की उद्या विकणार, हे खेळाडूला कळत नाही, आणि कित्येकांचा हात त्या संशयाने आखडतो. सही आणि पैसा यांचा संबंध नवा नाही. आपल्या शेजारच्या वर्ध्याजवळ, सेवाग्रामला राहणारे गांधीजी स्वाक्षरीसाठी हरिजन फंडाकरिता पाच रुपये घेत असत. पण तिथे देणारा आणि घेणारा दोघांनाही पैसा कशासाठी आहे हे ठाऊक होते, आणि सही त्यामुळे उणावत नव्हती.

ही सर्व कारणे खरी असूनही माझे मत खेळाडूंच्या बाजूने पूर्णपणे झुकत नाही. डॉन ब्रॅडमन निवृत्तीनंतर कित्येक दशके रोज बसून चाहत्यांच्या पत्रांना उत्तरे देत आणि वस्तूंवर सह्या करत. बेसबॉलमध्ये ५७३ होम रन करणारे हार्मन किलब्रू हे टोरी हंटरसारख्या पुढच्या पिढीतल्या खेळाडूंना सही वाचता आलीच पाहिजे असे बजावत, आणि हंटर यांनी ते मनावर घेऊन आपली सही बदलली. या दोघांकडे मागणी कमी होती असे कोणी म्हणणार नाही. गर्दीत शंभर जणांना फराटे देण्यापेक्षा तिसांना नाव द्यावे आणि उरलेल्यांची हात जोडून क्षमा मागावी, हे मला अधिक आदराचे वाटते.

तपासणी

काम दिवसाच्या उजेडात, दहापट भिंगाने आणि बाजूने धरलेल्या टॉर्चच्या तिरप्या प्रकाशात केले. पहिल्यांदा तपासल्या त्या वाचता येणाऱ्या पाच सह्या. या पाचांबद्दल कोणालाच शंका नव्हती, त्यामुळे त्यांच्यावर वेळ घालवू नये असे काकांच्या घरच्यांचे म्हणणे होते.

बॅटच्या पाठीवर, उंचवट्याच्या डाव्या बाजूला, यांतल्या तीन सह्या एकाखाली एक आहेत. बाकीच्या अकरा सह्या वाटेल त्या दिशेने आहेत, कारण प्रत्येक खेळाडूने बॅट हातात येईल तशी धरली. दोन तर उलट्या आहेत. या तीनच तेवढ्या वाणसामानाच्या यादीसारख्या ओळीने उतरल्या आहेत. तिन्ही इंग्रजीत आहेत, तिन्हींचा कल उजवीकडे सारखाच आहे, तिन्ही नावांतल्या पहिल्या मोठ्या अक्षराची सुरुवात डावीकडून आत वळणाऱ्या त्याच लहान आकड्याने होते आणि आडनावातला ‘आर’ प्रत्येक वेळी मधल्या खाचेशिवाय लिहिलेला आहे. भिंगाखाली आणखी एक गोष्ट दिसली. अक्षरांच्या सांध्यावर, मार्कर जिथे क्षणभर थांबला तिथे, बॅटच्या विलो लाकडाच्या रेषांमध्ये शाई मुरून बारीक ठिपके पडले आहेत. सही करणाऱ्याचा हात स्वतःच्या नावात थांबत नाही. नाव आठवून लिहिणारा थांबतो.

उलट फराट्यांचे टोक पाहिले तर रेघ निमुळती होत जाते आणि शेवटी शाई विरळ होऊन लाकडाचा पोत मधून दिसतो. मार्कर वेगात असतानाच तो उचलला गेला, याची ती खूण आहे. बनावट सही करणारा बहुधा रेघ काढतो, ओढत नाही, म्हणून त्याच्या रेघांची टोके बोथट असतात. येथे नऊच्या नऊ फराटे वेगाने ओढलेले निघाले.

केवळ अक्षरावरून निर्णय देणे मला पटत नव्हते, म्हणून छायाचित्रांकडे वळलो. बॅट बसमध्ये जाण्यापूर्वीच्या शेवटच्या छायाचित्रात तिची पाठ कॅमेऱ्याकडे आहे. ते मोठे करून पाहिल्यावर उंचवट्याची डावी बाजू कोरी दिसली. म्हणजे ओळीने असलेली ती तीन नावे बसच्या आत लिहिली गेली. त्यानंतर पुतणीने त्या आठवड्याची वर्तमानपत्रे काढली, तेव्हा त्या तिघांपैकी एक खेळाडू दुखापतीमुळे सामन्याच्या दोन दिवस आधीच संघ सोडून घरी परतल्याची बातमी सापडली. ज्या सायंकाळी त्याने नागपुरात बॅटवर सही केली असे आपण समजत होतो, त्या सायंकाळी तो नागपुरात नव्हता.

बसमधल्या ज्या कोणी ही नावे लिहिली, त्याने ती फसवणुकीच्या हेतूने लिहिली असे मानायला मला काहीच आधार दिसत नाही. बाहेर एक वयस्कर गृहस्थ ताटकळत उभे आहेत, त्यांची बॅट अर्धी रिकामी आहे, खेळाडू कानात हेडफोन घालून बसले आहेत, तर आपणच पूर्ण करून द्यावी, असे कोणाला वाटले असणे स्वाभाविक आहे. अमेरिकी बेसबॉलमध्ये ड्रेसिंग रूममधल्या मदतनीसांनी नामवंत खेळाडूंच्या वतीने चेंडूंवर सह्या केल्याची उदाहरणे संग्राहकांना चांगली परिचित आहेत. धंदा म्हणून केलेली बनावट वेगळी. १९९० च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने केलेल्या तपासात खोट्या सह्यांचे मोठे जाळे उघड झाले होते. पण ग्रंथालयाच्या यादीत दोहोंचा परिणाम सारखाच होतो. ते नाव त्या माणसाच्या हातचे नाही, एवढेच यादीला ठाऊक असावे लागते.

नऊ फराट्यांचा शोध

येथे काकांचा बँकेतला अनुभव कामी आला. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ४७ व्या कलमात एखाद्याच्या हस्ताक्षराशी कोण परिचित मानावा याचे स्पष्टीकरण होते : ज्याने त्या माणसाला लिहिताना पाहिले आहे, ज्याने त्याच्याशी पत्रव्यवहार केला आहे, किंवा नेहमीच्या कामकाजात ज्याच्यासमोर त्याची कागदपत्रे येत राहिली आहेत. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. काकांनी आणि पुतणीने ती नऊही माणसे लिहिताना पाहिली होती. प्रश्न होता तो कोणती रेघ कोणाची, हे सिद्ध करण्याचा.

तीन फराट्यांच्या पोटात जर्सीचा क्रमांक आहे. तो सहीचाच भाग असल्यासारखा जोडून लिहिलेला असल्याने आधी तो अक्षर समजून वाचला जात होता. क्रमांक म्हणून वाचल्यावर संघाच्या यादीवरून तिन्ही नावे लागली. आणखी दोन फराटे छायाचित्रांवरून ओळखले, कारण त्यांत खेळाडू, मार्कर आणि बॅटची ती जागा एकाच चौकटीत आहे.

पुढच्या दोन सह्यांची ओळख ज्या रीतीने पटली, तो या प्रकरणातला सर्वांत समृद्ध भाग आहे. काका सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर वयोगटांचे सामने पाहायला नेमाने जात आणि तिथल्या मुलांच्याही सह्या घेत. ज्यांच्याकडे तेव्हा कोणी वही पुढे करत नव्हते, त्या मुलांनी जीभ दातांत धरून, आई-वडिलांनी ठेवलेले सबंध नाव, काहींनी तर वडिलांच्या नावासकट, लिहून दिले आहे. बॅटवरचे दोन खेळाडू त्या वहीत होते. त्यांपैकी एकाच्या कोवळ्या वयातल्या सहीत आडनावाचे शेवटचे अक्षर खाली उतरून परत डावीकडे वळते आणि संपूर्ण नावाखालून रेघ होऊन जाते. बॅटवर आज त्याच्या नावातली सगळी मधली अक्षरे नाहीशी झाली आहेत. उरले आहे ते पहिले अक्षर आणि खालून डावीकडे जाणारी तीच रेघ, त्याच कोनात आणि तिच्या शेवटी मार्कर उचलण्याच्या त्याच झटक्यासह. दोन्ही शेजारी ठेवल्यावर काका बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “हात तोच आहे न बाप्पा, फक्त सवड गेली.” दुसऱ्या खेळाडूची ओळखही अशीच पटली. नमुना सही हाताशी असेल तर फराटाही बोलतो, याचा असा पुरावा मी पूर्वी पाहिलेला नव्हता.

उरलेल्या दोन सह्यांपुढे मात्र सगळे उपाय थकले. एक म्हणजे एकच नागमोडी रेघ आहे आणि दुसरी इंग्रजी ‘एम’ किंवा ‘एन’ यांपैकी काहीही असू शकते. अशा तोकड्या सहीत तुलनेला वैशिष्ट्येच नसतात. विक्रेत्याच्या शंकेत येथे तथ्य आहे हे मान्य केले पाहिजे, कारण जी रेघ कोणीही काढू शकतो ती कोणाची, हे भिंग सांगू शकत नाही आणि तिची नक्कल करणाऱ्यालाही श्रम पडत नाहीत.

मतभेद आणि निर्णय

निष्कर्ष कळवल्यावर विक्रेत्याने बोलणी थांबवली. त्याच्या दृष्टीने पाचांतल्या तीन सह्या गेल्या आणि नऊ फराट्यांपैकी सात ओळखले गेले, तरी गिऱ्हाइकाला भिंतीवर टांगलेल्या बॅटवर नाव वाचायचे असते, पुराव्याची फाईल नाही. व्यापार म्हणून हे त्याचे म्हणणे रास्त आहे.

घरातला मतभेद अधिक नाजूक होता. पुतणीला वाटत होते, की ती तीन नावे यादीत सरळ खेळाडूंच्या नावावर दाखवावीत. शाळेतली मुले आनंदाने पाहतील आणि कोणाचे काही नुकसान होणार नाही. “काका, इतकी वर्षं आपण त्या त्यांच्याच समजलो, मग आता मुलांना कशाला सांगायचं?” असे तिने विचारले. काकांनी ते मानले नाही. आपण नोकरीत असताना खोटी नोंद बँकेत होऊ दिली नाही, ती शाळेत कशी होऊ देऊ, असे त्यांचे उत्तर होते, आणि मला ते निःसंशय योग्य वाटते. शाळेतल्या मुलासमोर ठेवलेली यादी ही त्याला भेटणारी कागदपत्रांची पहिली परीक्षा असते. तिथे सोयीसाठी केलेली तडजोड पुढे कोणी दुरुस्त करत नाही. पुतणीनेही नंतर स्वतःच्या हाताने ते कार्ड लिहिले.

बॅटसोबत आता तिची पाठ आणि पुढची बाजू दाखवणारा एक आराखडा आहे, ज्यावर चौदा क्रमांक टाकले आहेत. नऊ क्रमांकांपुढे खेळाडूचे नाव आणि ओळख कशावरून पटली ते लिहिले आहे : स्पष्ट अक्षर, जर्सी क्रमांक, छायाचित्र किंवा पूर्वीची सही. ओळीने असलेल्या तीन क्रमांकांपुढे “नाव दुसऱ्या हाताने लिहिलेले” अशी नोंद आहे. छायाचित्रांच्या छापील प्रती आणि वर्तमानपत्राचे कात्रण त्याच पाकिटात ठेवले आहे. बॅट खिडकीपासून आणि कूलरपासून दूर, बंद काचेच्या कपाटात ठेवायची, ही अट काकांनी शाळेकडून लिहून घेतली आहे. मार्करची शाई उजेडाने फिकी पडते आणि फिल्म उष्णतेने सुटू लागली की तिच्यावरच्या सह्या तिच्याबरोबर जातात.

नागमोडी रेघेपुढे आणि ‘एम’ की ‘एन’ या सहीपुढे “ओळख पटलेली नाही” असे पेन्सिलने लिहिले आहे. त्या सायंकाळी हॉटेलबाहेर छायाचित्रे काढणाऱ्या दोन स्थानिक छायाचित्रकारांकडे पुतणीने चौकशी केली आहे आणि त्यांनी जुन्या हार्ड डिस्क तपासून कळवण्याचे मान्य केले आहे. काका अजूनही जामठ्याला जातात. खेळाडूने बॅट हातात घेतली की ते अदबीने सांगतात, “सही तुमच्या मर्जीनं करा, पण खाली नंबर टाका,” आणि बहुतेक जण टाकतात.